करारांनी धूर कमी झाला का?

अवकाळी पाऊस आणि गारपिटीवरचा भाग ऐकून एका गटाने आम्हाला विचारलं, "देशोदेशीचे पुढारी दरवर्षी जमतात, करार करतात, टीव्हीवर टाळ्या वाजतात. त्याने हवेतला धूर खरंच कमी होतो का?" प्रश्न सरळ आहे. पण 'कमी झाला' हे ठरवायचं कसं आणि ठरवायचं कोणी, यातच खरी गोम आहे.

आधी एवढं लक्षात घेऊ. कोळसा, डिझेल, लाकूड जळलं की कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू हवेत जातो. तो डोळ्यांना दिसत नाही, झोंबतही नाही, पण उष्णता धरून ठेवतो. कोणत्या देशाने असे वायू किती सोडले, त्याला उत्सर्जन म्हणतात. सगळे करार या आकड्याभोवती फिरतात.

1997 साली जपानमधल्या क्योटो शहरात असा मोठा करार झाला. श्रीमंत देशांनी आपलं उत्सर्जन 2008 ते 2012 या काळात 1990 च्या मानाने सरासरी 5 टक्क्यांच्या आसपास खाली आणायचं ठरवलं. अमेरिकेने सही केली, पण तिथल्या संसदेची मंजुरी कधी घेतलीच नाही. कॅनडाने 2011 साली अंग काढून घेतलं. तरी उरलेल्या देशांची बेरीज केली तर कागदावर उद्दिष्ट पार पडलं होतं!

मग कुठे बिघडलं? रशिया, युक्रेन या देशांचे आकडे बघा. 1991 साली सोव्हिएत संघ मोडला, कारखाने बंद पडले, लोकांचे हाल झाले आणि धूरही कमी झाला. क्योटोचा करार व्हायच्या आधीच हे घडून गेलं होतं. गोठ्यातली म्हैस मेली म्हणून पेंडीचा खर्च वाचला, तर त्याला आपण काटकसर म्हणत नाही. म्हणून पहिला प्रश्न हा, की करार नसता तर काय झालं असतं? ते तर कोणी पाहिलेलं नसतं. मग अभ्यासक कराराच्या आतले देश आणि बाहेरचे देश शेजारी शेजारी ठेवून बघतात. 2012 साली असा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कराराने बांधलेल्या देशांचा घरचा धूर त्यामुळे 7 टक्क्यांच्या आसपास कमी झाला होता. पण ते देश जो माल वापरत होते, त्या सगळ्या मालामागचा धूर धरला तर फरक जवळजवळ शून्य. माल बाहेरून यायला लागला होता. आपलं अंगण झाडून कचरा शेजारणीच्या दारात लोटावा, तसं.

याच्या उलट एक करार बघू, कारण सगळेच करार फोल असतात असं आम्हाला मुळीच वाटत नाही. 1987 साली कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये फ्रीजमधल्या आणि फवाऱ्याच्या डब्यांतल्या काही वायूंचा वापर कमी करत आणायचं ठरलं. हे वायू आकाशातला ओझोनचा थर खात होते, शिवाय कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट उष्णता धरत होते. या करारात तीन गोष्टी पक्क्या होत्या. करारात नसलेल्या देशाशी या वायूंचा व्यापार करायचा नाही. गरीब देशांना नवी यंत्रं घ्यायला सामाईक निधीतून पैसे द्यायचे. भारतालाही ते मिळाले. आणि हिशेब नुसता देशांच्या कागदावर सोडायचा नाही, हवाही तपासायची.

या तिसऱ्या गोष्टीचा उपयोग कसा झाला तो ऐकण्यासारखा आहे. 2018 साली शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की सीएफसी-11 नावाचा बंदी असलेला वायू हवेतून जितक्या वेगाने कमी व्हायला हवा तितका होत नाहीये. सगळ्या देशांचे कागद तर सांगत होते, उत्पादन बंद. दक्षिण कोरिया आणि जपानच्या बेटांवर हवा मोजणारी केंद्रं आहेत. वारा कुठून आला की आकडा वाढतो हे बघत बघत 2019 साली माग पूर्व चीनपर्यंत पोचला. फोम तयार करायला तो वायू चोरून वापरला जात होता. चीन सरकारने कारवाई केली आणि पुढच्या मोजणीत आकडा पुन्हा खाली आला. कागदाने लपवलेलं वाऱ्याने सांगितलं.

2015 च्या पॅरिस कराराबद्दल थोडक्यात बोलू. त्यात प्रत्येक देश स्वतःचा आकडा स्वतःच ठरवतो. मोडला तर दंड नाही. अमेरिका त्यातून बाहेर पडली, परत आली, 2025 च्या जानेवारीत पुन्हा बाहेर पडायचा आदेश निघाला. त्याआधी शतकाच्या शेवटी पृथ्वी जवळजवळ 4 अंशांनी तापेल असा अंदाज होता, आता तो 3 अंशांच्या आसपास आला आहे. यात कराराचा वाटा किती आणि सौरऊर्जा स्वस्त झाली त्याचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. आमच्या मते दोन्हींचा आहे. पण दरवर्षी हवेत जाणारा कार्बन अजून उतरणीला लागलेला नाही, हेही तितकंच खरं.

आता हे आपल्या स्वयंपाकघरात कसं येतं ते सांगतो. क्योटो कराराने एक वाट उघडली होती. श्रीमंत देशाला घरचा धूर कमी करणं महाग पडत असेल, तर त्याने गरीब देशात कुठेतरी तो कमी करवून त्याचा दाखला विकत घ्यावा. एक टन वाचला की एक दाखला, म्हणजे कार्बन क्रेडिट. आता मोठ्या कंपन्याही असे दाखले घेतात. आणि त्यातले कितीतरी दाखले सुधारित चुलींवर निघतात. चूल फुकट किंवा अगदी स्वस्त मिळते, कारण खरी कमाई दाखल्यावर असते.

वाचलेला कार्बन मोजतात तो असा: चुली किती वाटल्या, त्या रोज किती वापरल्या, लाकूड किती वाचलं आणि ते लाकूड पुन्हा उगवणारं होतं की जंगल कायमचं तोडून आणलेलं. प्रत्येक पायरीवर आकडा फुगू शकतो. नव्या चुलीवर चहा होतो, कालवण होतं. पण भाकरी आणि आंघोळीचं पाणी अनेक घरांत जुन्याच चुलीवर. पाहणीला आलेल्या पोराने विचारलं, "ताई, वापरता ना चूल?" की आपण म्हणतो, "हो, वापरते की." त्याला वाईट वाटू नये म्हणून. बांधावरच्या वेड्या बाभळीच्या काटक्या पुन्हा फुटतात, पण हिशेबात त्या तोडलेल्या जंगलात धरल्या जाऊ शकतात. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वेगवेगळ्या देशांतले चुलींचे प्रकल्प तपासल्यावर, खऱ्या बचतीच्या सरासरी 9 पट दाखले काढलेले आढळले. जिथे इंधन मीटरने मोजलं जात होतं, तिथे फुगवटा बराच कमी होता.

यात चुलीचा दोष नाही. धूर कमी झाला तर डोळे आणि छाती आपलीच वाचते. पण जो टन इथे वाचलाच नाही, त्याच्या दाखल्यावर तिकडचा कारखाना खराखुरा टन हवेत सोडत राहतो, आणि त्याची उष्णता आपल्याच शिवारात उतरते.

म्हणून चुली वाटायला कोणी आलं, तर घ्या जरूर. पण अंगठा किंवा सही करण्याआधी अर्ज गटात मोठ्याने वाचून घ्या. 'कार्बन बचतीचा हक्क आम्ही देत आहोत' असं वाक्य बहुधा त्यात असतंच. तो हक्क कोणाला जातो, त्यातलं गावाला काय मिळतं, हे विचारा आणि अर्जाची एक प्रत गटाच्या फायलीत ठेवा. आणि पाहणीचा माणूस आला, की भाकरी कुठल्या चुलीवर होते ते आहे तसं सांगा.