गटाराच्या पाण्यात रोगाचे जंतू कसे शोधतात? पवई तलावापासून आपल्या विहिरीपर्यंत

पवई (मुंबई) : पवई तलाव इंग्रजांनी 1891 च्या सुमारास बांधला, तो मुंबईला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून. पण ते पाणी पिण्यालायक ठरलं नाही. आज तर आजूबाजूच्या वस्त्यांचं सांडपाणी त्यात येतं. लांबून तलाव झकास दिसतो; जंतू काही डोळ्यांना दिसत नाहीत.

मग ते शोधतात कसे? निर्जंतुक बाटलीत पाणी घेऊन, बर्फाच्या पेटीतून ते प्रयोगशाळेत नेतात. कॉलरा, टायफॉइडचे जंतू इतर जंतूंच्या गर्दीत थोडेच असतात, सापडणं अवघड. म्हणून आधी ‘ई. कोलाय’ बघतात. तो माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतो. तो सापडला, की पाण्यात विष्ठा मिसळली हे नक्की.

पुढचं काम विरजणासारखं. समुद्री शेवाळापासून बनवलेल्या ‘अगर’ नावाच्या घट्ट थरात जंतूंचं खाणं घालतात, त्यावर पाणी पसरून 44 अंशांच्या आसपास उबेला ठेवतात. एवढ्या उष्णतेत बाकीचे बरेच जंतू वाढत नाहीत. दुसऱ्या दिवशी ठिपके दिसतात. एक ठिपका म्हणजे साधारण एका जंतूची पिलावळ. ते मोजायचे.

कोरोनात ऐकलेली पीसीआर तपासणी काही तासांत होते, पण जंतू जिवंत की मेलेला ते ती सांगत नाही. वाढवलेल्या जंतूंवर औषधाच्या टिकल्या ठेवल्या, की कोणतं औषध आता चालत नाही हेही कळतं. म्हणून वेळ लागला तरी ही जुनी पद्धत सुटलेली नाही.

नाल्यातल्या एका बाटलीत हजारो घरांची खबर असते. मुंबईत 2001 पासून सांडपाण्यात पोलिओचा विषाणू शोधतात तो याच हिशेबानं, पेशंट सापडायची वाट न बघता.

गावात यातलं सोपं साधन म्हणजे एच-टू-एस बाटली. ही पद्धत 1982 साली ग्वाल्हेरच्या शास्त्रज्ञांनी मांडली. बाटलीत पाणी भरा, उबदार जागी एक-दोन दिवस ठेवा. काळी पडली तर पाणी उकळूनच प्या आणि जलसुरक्षकाला सांगा. विहिरीत टीसीएल टाकल्यावर लगेच नमुना घेऊ नका, क्लोरीनमुळे पाणी उगाच चांगलं दिसेल. आणि काळी पडलेली बाटली उकिरड्यावर फेकू नका. त्यात जंतू वाढलेले असतात. आधी टीसीएल पावडर घालून तासभर ठेवा, मगच ओता.