गंज, गॅरेज आणि ‘ती’

‘‘अगं, पण ती चालते तरी का?’’ बाबांचा पहिला प्रश्न.

‘‘चालते... बऱ्यापैकी.’’

व्हिडिओ कॉलवर दोन सेकंद शांतता!

‘ती’ म्हणजे १९७२ ची एमजीबी. दोन सीट, कापडी टप, लांबलचक बॉनेट. नोकरीनिमित्त बर्मिंगहॅमला आले तेव्हाच ठरवलं होतं, एकदा तरी टप खाली करून फिरायचं. ऑफिसातली मंडळी हप्त्यांवर नव्याकोऱ्या गाड्या घेत होती आणि मी साठवलेले साडेचार हजार पाउंड घेऊन चक्क माझ्याहून वयानं मोठ्या गाडीच्या प्रेमात!

विकणारे आजोबा एकदम सरळ. आजारांची यादीच वाचून दाखवली. ऑइल गाळते, दुसऱ्या गिअरला कुरकुरते, पावसात इंडिकेटर संपावर जातात आणि उजव्या दाराखालची सिल गंजलीय.

‘‘बॉनेट उघड,’’ बाबा म्हणाले. फोन आत धरला आणि त्यांचा चेहरा खुलला. ‘‘अगं, हे तर आपल्याच घरातलं!’’ खरंच होतं ते. आपल्या अ‍ॅम्बेसेडरचं जुनं १४८९ सीसी इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसी, दोन्ही बीएमसीच्या ‘बी सिरीज’ घराण्यातली. म्हणजे सख्खी भावंडंच!

मी उडालेच. पण बाबा गंभीर झाले. ‘‘इंजिन मी फोनवरून सांगून करून घेईन. गंज फोनवरून निघत नाही.’’

रत्नागिरीची आमची अ‍ॅम्बेसेडर आठवली. बाबांनी इंजिनावर जीव आणि पैसा दोन्ही ओतले. शेवटी खाऱ्या हवेनं तळ खाल्ला आणि टकाटक इंजिनासकट गाडी भंगारात गेली. त्या दिवशी बाबा जेवले नव्हते.

एमजीबीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा, आणि दाराखालच्या सिल हा त्याचा कणा. त्यात चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक गाड्यांना इथे २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. म्हणजे डोळे आपलेच उघडे हवेत, बॉस!

दुसऱ्या दिवशी फ्रिजवरचा मॅग्नेट घेऊन गेले. उजवीकडे तो चिकटला नाही, ते अपेक्षितच होतं. पण डावीकडेही टपकन खाली पडला. रंगाखाली पत्रा नव्हताच, नुसती पुट्टी! आजोबांचाही चेहरा उतरला. वेल्डिंगवाल्यानं दोन्ही बाजूंचा खर्च सांगितला, दोन हजार पाउंड. माझं सगळं बजेट तेवढंच होतं. जड मनानं म्हटलं, ‘‘अडीच हजारांना देत असाल तरच.’’ आजोबा बराच वेळ गाडीकडे बघत राहिले. मग किल्ली माझ्या हातात ठेवली.

तर मित्रहो, फंडा सिंपल आहे. जुन्या गाडीत दोष असणारच. ऑइल, गिअर, वायरिंग हे दोष सवडीनं काढता येतात. १९६२ ते १९८० मध्ये पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या, त्यामुळे पार्ट्स आजही सहज मिळतात. पण कणाच गेला असेल, तर दुरुस्तीचा खर्च आधी किमतीतून वजा करा. जमत नसेल, तर गुपचूप घरी या.

गेल्या जूनमध्ये बाबा आले. टप खाली, शेजारच्या सीटवर बाबा, डोळे मिटून इंजिन ऐकताहेत. ‘‘दुसरा टाकताना जरा थांब,’’ एवढंच बोलले.

ऑइल अजून गळतं, खाली पुठ्ठा अंथरलाय. आणि मॅग्नेट? तो आता फ्रिजवर नाही, गाडीतच असतो!