दगडाला दाद न देणारं प्लास्टिक

अमेरिकेतल्या युटा राज्यात मोआब नावाचं गाव आहे. गावाबाहेर लालसर वालुकाश्माचे उघडे डोंगर, आणि त्यांवर क्वाड बाईक चढवणारे हौशी लोक. अलिबागजवळ नागावच्या किनाऱ्यावर वाळूत पळणारी चार चाकांची मोटरसायकल तुम्ही पाहिली असेल, तीच ही. वाळूत तिच्या पोटाला फारसा धोका नाही. मोआबला मात्र एखाद्या पायरीवरून पुढची चाकं खाली उतरली की तीन-चारशे किलोचा भार पोटावर आदळतो. तिथे असतं इंजिनाचं चेंबर, ऑइल काढायचा बोल्ट, फ्रेमचे पाइप. चेंबरला तडा गेला की ऑइल वाहून जातं आणि गाडी जागच्या जागी बसते.

म्हणून पोटाखाली ढाल बसवतात, ती स्किड प्लेट. दगडाशी गाठ आहे, तर ही ढाल कशाची हवी? पोलादाची, असंच कुणीही म्हणेल. पण वालुकाश्म म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झचे कण. कठीणपणाच्या मोजपट्टीवर क्वार्ट्झ ७, साधं पोलाद ४-५, ॲल्युमिनियम ३ च्या आसपास. म्हणजे कडकपणाच्या शर्यतीत दगड आधीच जिंकलेला! वापरलेली ॲल्युमिनियमची प्लेट उलटी करून पाहा: दगडाने नांगरल्यासारख्या चऱ्या, त्यांच्या काठांवर वर आलेली धातूची कड. ही कड पुढच्या दगडात अडकते आणि उतरती गाडी तिथेच लटकते.

मग ही शर्यतच सोडून दिली तर? मोआबसारख्या खडकाळ जागी जाणारे बरेच जण नेमकं तेच करतात. ते प्लास्टिकची प्लेट लावतात! तेही कुठलं? आपल्या पिशव्यांच्या कुळातलं, पॉलिथिलीन. नखाने ओरखडा पडेल इतकं मऊ आणि पाण्यावर तरंगेल इतकं हलकं.

फरक आहे तो रेणूच्या लांबीचा. या प्लास्टिकचं नाव यूएचएमडब्ल्यू. त्याच्या एका रेणूत इथिलीनचे एक लाखाहून जास्त दुवे एकापुढे एक जोडलेले असतात. असा रेणू शेवईइतका, म्हणजे मिलिमीटरभर जाड झाला अशी कल्पना करा. त्याची लांबी किती होईल? पन्नास मीटरच्या पुढे! अशा अखंड शेवयांच्या गुंत्यातून एक ओढून काढायला गेलात तर सगळा गोळाच हातात येईल. दगडाच्या टोकाला प्लेटमधून कण उचकटणं जड जातं ते याच गुंत्यामुळे. शिवाय पृष्ठभाग इतका गुळगुळीत की दगडाला पकड मिळत नाही. प्लेट किंचित वाकते, गाडी घसरत पुढे जाते, प्लेट पूर्ववत होते.

हा गुंता इतका पक्का, की वितळवलं तरी हे प्लास्टिक वाहत नाही. बादली-मगासारखं ते साच्यात ओतता येत नाही. भुकटी तापवून प्रचंड दाबाखाली त्याच्या लाद्या कराव्या लागतात.

आणि आता सगळ्यात विलक्षण गोष्ट. १९६२ साली इंग्लंडमध्ये लँकाशायरमधल्या रायटिंग्टन हॉस्पिटलात जॉन चार्नली हे सर्जन कृत्रिम खुब्यासाठी धडपडत होते. त्यांच्या टेफ्लॉनच्या वाट्या रुग्णांच्या शरीरात झिजून गेल्या होत्या. तेवढ्यात एक विक्रेता हे प्लास्टिक घेऊन आला. त्या भागातल्या कापडगिरण्यांच्या यंत्रांना त्याची दातेरी चाकं लागत. चार्नलींनी त्यात नख खुपसून पाहिलं आणि ते निकालात काढलं. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी तरीही एक तुकडा झिजेच्या यंत्रावर चढवला. दिवसामागून दिवस यंत्र फिरत राहिलं, तुकडा जवळपास तसाच! त्याच वर्षी ते रुग्णांच्या खुब्यात गेलं. तुमच्या आजीने गुडघा बदलून घेतला असेल तर आज तिच्या पायातही बहुधा त्याच कुळातली चकती आहे.

प्लेट घेताना मात्र या प्लास्टिकच्या खोडीही माहीत हव्यात. उष्णतेने ते धातूच्या कितीतरी पट फुगतं: ४० अंशांच्या फरकाने मीटरभर लांबीत पाच-सहा मिलिमीटर, तर ॲल्युमिनियम जेमतेम एक. म्हणून बोल्टची भोकं गोल नकोत, लांबट हवीत आणि वॉशर रुंद. नाहीतर उन्हात प्लेट फुगवटा धरते. सायलेन्सरच्या पाइपपासून ती लांबच हवी, कारण १३० अंशांच्या आसपास तिचा धीर सुटतो. उन्हाने पांढरी प्लेट लवकर खराब होते, काळी टिकते.

जाडी अर्धा इंच घ्या. वजनाची काळजी नको, कारण तेवढी प्लेट पाच मिलिमीटर ॲल्युमिनियमपेक्षा जड भरत नाही. दुकानदार एचडीपीई दाखवेल. तेही पॉलिथिलीनच, पण आखूड रेणूंचं. ग्रेड विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. दगड कमी आणि वेगाने जंगलवाटा तुडवायच्या असतील, तर मी ॲल्युमिनियमच घेईन, कारण ते ताठ राहतं आणि एकाच ठिकाणचा टोकदार ठोसा चेंबरपर्यंत पोचू देत नाही.

बोल्टची डोकी प्लेटमध्ये खोल बसवलेली असावीत. झिजता झिजता ती प्लेटच्या पातळीला आली आणि त्यांवर दगडाचे चकचकीत ओरखडे दिसू लागले, की प्लेट बदलायची वेळ झाली.