कार्यालयीन संभाषणाचे माध्यम : निवडीचे भाषिक निकष

कार्यालयात संदेश व दृक्-संभाषण यांसाठी कोणते माध्यम स्वीकारावे, हा प्रश्न सामान्यतः खर्च आणि सोय यांपुरताच मर्यादित राहतो. वस्तुतः तो भाषाव्यवहाराचाही प्रश्न आहे; कारण बोलणे व लिहिणे यांचे धर्म भिन्न असून ही माध्यमे दोहोंचा भार एकदमच वाहतात.

प्रथम बोलण्याचा विचार करू. दहा भाषांची तुलना करणाऱ्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रश्न व उत्तर यांतील विराम सरासरीने सुमारे २०० मिलिसेकंद आढळला. आता एका दिशेस १५० मिलिसेकंदांचा विलंब झाला, तर प्रश्नकर्त्यास तोच विराम ५०० मिलिसेकंदांचा भासतो. तत्पर उत्तरही मग अनुत्सुक वाटू लागते, आणि दोघे एकदमच बोलू लागतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब ४०० मिलिसेकंदांपलीकडे जाऊ नये. सबब माध्यमाची परीक्षा त्याच्या लौकिकावरून न करता कार्यालयाच्या नित्याच्या जोडणीवर, प्रत्यक्ष सभा भरवून करावी.

लेखनाची कसोटी निराळी. लिखित संदेश पुढे नोंद म्हणून उपयोगी पडावयाचा, तर तो शोधल्यावर सापडला पाहिजे. 'कर्मचाऱ्यांची रजा' हे शब्द घ्या. त्यातील अर्धा 'र' संगणकात दोन प्रकारे साठविता येतो : 'ऱ' हा स्वतंत्र वर्ण व हलन्तचिन्ह, किंवा साधा 'र', हलन्तचिन्ह व एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांस दोन्ही रूपे एकच. यंत्रास मात्र भिन्न. ज्या माध्यमाची शोधयंत्रणा हा भेद मिटवीत नाही, तेथे एका कळफलकाने लिहिलेला आदेश दुसऱ्या कळफलकाने शोधणारास मिळणार नाही. मराठी नोंद हाती लागत नाही, असा अनुभव वारंवार आल्यास लिहिणारा मराठीच सोडील, हे उघड आहे.

तिसरा निकष नोंदीच्या आयुष्याचा. २००३ साली सुरू झालेले स्काइप मे २०२५ मध्ये बंद झाले. स्लॅकच्या विनामूल्य योजनेत मागील ९० दिवसांचेच संदेश पाहावयास मिळतात. तेव्हा सर्व संदेश बाहेर काढून आपल्या दप्तरी ठेवता येतात काय, हे करारापूर्वीच पाहावे.

या तीन कसोट्यांस फार तर एक दिवस लागेल. त्यांस उतरलेल्या माध्यमांतून मग खर्चाचा व सोयीचा विचार करावा, आधी नव्हे.