सुरीची मूठ
सुरी, चाकू, विळा इ. हत्यारे हातात धरण्यासाठी पात्याला जोडलेला भाग. पात्याच्या मुठीत येणाऱ्या टोकास शेपूट म्हणतात. विळ्याचे शेपूट निमुळते असून ते तापवून लाकडी मुठीत ठोकतात. तलवारीचे आखूड शेपूट धातूच्या पोकळ मुठीत लाखेच्या मिश्रणाने पक्के करीत [⟶ लाख]. पूर्ण शेपटाच्या सुरीत मात्र ते मुठीइतकेच लांब-रुंद असते व त्याच्या दोन्ही अंगांस लाकडी पट्ट्या रिव्हेटांनी जोडतात. पेशकब्ज या कट्यारीच्या हस्तिदंती पट्ट्याही अशाच बसवीत.

या जोडाचे बळ केवळ रिव्हेटांवर अवलंबून नसते. लाकूड दमट हवेत फुगते व कोरड्या हवेत आकसते. पोलादात असा बदल होत नाही. उदा., वर्धा जिल्ह्यातील तळेगाव (श्यामजी पंत) या संत्र्यांच्या बागांच्या परिसरात मे महिन्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाते व त्यापाठोपाठ पावसाळा येतो. कच्च्या लाकडाच्या पट्ट्या अशा हवेत शेपटापासून सुटतात, फटीत पाणी शिरते व आतून गंज चढतो. पट्टी सरकल्यास पकड सुटून बोटे पात्यावर जाण्याचा धोका असतो.

म्हणून चांगले वाळलेले साग वा शिसवी लाकूड घेतात व त्याचे तंतू मुठीच्या लांबीच्या दिशेने ठेवतात. शेपटातील छिद्रे पोलादास पाणी देण्यापूर्वी पाडतात. नंतर ते कठीण झाल्याने गिरमिट सहसा चालत नाही. पट्ट्यांची आतील बाजू सपाट करतात. पात्याकडील कडा जोडण्यापूर्वीच गुळगुळीत करतात, कारण नंतर घासल्यास पात्यावर ओरखडे उठतात. पोलाद खरबरीत करून त्यावरील तेलकटपणा पुसतात व इपॉक्सी आसंजक लावून पट्ट्या शिकंज्यात धरतात. दाब बेताचा ठेवतात. तो अति झाल्यास आसंजक बाहेर निघून जाते. पितळी रिव्हेटांची टोके हलक्या ठोक्यांनी पसरवितात. जोराच्या ठोक्याने पट्टी तडकते. आसंजक पट्ट्या घट्ट धरते व पाणी रोखते, तर रिव्हेट पट्ट्यांना सरकू देत नाहीत. शेवटी मूठ कानशीने व पॉलिश कागदाने घासून तीस जवसाचे तेल लावतात. अशी सुरी पाण्यात भिजत ठेवू नये. धुतल्यावर लगेच पुसावी.