नळ सगळे उघडे, वरचा मजला कोरडा

कोल्हापूरहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. चार पानं भरून लिहिलेलं, आणि शेवटी प्रश्न एकच: "दोष नेमका कुणाचा?"

प्रसंग असा. बाई काही वर्षं नैराश्यासाठी पॅरोक्सेटिनची गोळी घेत होत्या. बरं वाटू लागलं तसं त्यांनी स्वतःच्या मनानं गोळी आधी अर्धी केली आणि आठवड्याभरात बंदच केली. तिसऱ्या दिवसापासून त्रास सुरू झाला. मळमळ, तुटक झोप, रात्री घामानं ओली होणारी उशी, आणि मान चटकन वळवली की डोक्यात लखकन वीज चमकून गेल्याचा भास. फ्लूची लस घ्यायचं नेमकं त्याच आठवड्यात ठरलेलं होतं. सकाळी अन्न नकोसं झालं म्हणून पोटात फक्त कपभर कोरा चहा. दवाखान्यात अर्धा तास उभं राहिल्यावर नंबर लागला. स्टुलावर बसल्या, दंडात सुई गेली, सिस्टरनं कापूस दाबून धरायला सांगितलं. कापूस दाबता दाबता कानात गुंग आवाज, दरदरून घाम, आणि समोरची भिंत लांब लांब जायला लागली. पुढचं काही आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा दोघांनी काखेत हात घालून त्यांना खुर्चीत ताठ बसवलेलं होतं आणि कुणीतरी नाकाशी फोडलेला कांदा धरला होता.

घरी आल्यावर तीन निकाल लागले. यजमानांनी हातापायांचे झटके पाहिले होते, त्यांच्या मते ती फिट. जाऊबाई म्हणाल्या, लशीची रिॲक्शन. शेजारच्या काकू म्हणाल्या, गोळ्यांची सवय लागली की असंच होतं.

तिघांनाही बाईंची काळजी होती, पण जे घडलं ते तिघांनीही सांगितलं त्याहून वेगळं होतं. समजून घ्यायला फार लांब जायला नको. आपण राहतो ती इमारत डोळ्यांसमोर आणावी.

तळमजल्यावर पंप, वर जाणारे पाइप, प्रत्येक घरात नळ. सर्वांत वरच्या मजल्यावर मेंदू राहतो. शरीराच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातलं सुमारे पंधरा टक्के त्याला लागतं, आणि तेही अखंड. सहा ते आठ सेकंद पुरवठा थांबला तरी शुद्ध हरपते. आता कल्पना करा, खालच्या मजल्यांवर सगळ्यांनी एकाच वेळी नळ पूर्ण सोडले आणि त्याच क्षणी पंपाचा वेगही मंदावला. टाकीतलं पाणी कमी झालेलं नाही, पाइप कुठे फुटलेला नाही, तरी वरच्या मजल्यावर नळातून नुसती हवा येते. सुई टोचल्यावर येणारी मूर्च्छा म्हणजे नेमकं हेच. व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाचा वेग उतरवतो आणि स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात. रक्त अंगातच असतं, फक्त हातापायांच्या स्नायूंत उतरलेलं. आणि माणूस जमिनीवर कोसळला की इमारत आडवी होते आणि वरचा मजला उरतच नाही. म्हणून तर बहुतेकांना अर्ध्या-एक मिनिटात आपोआप शुद्ध येते.

हे कळायला दीडशेहून जास्त वर्षं लागली, आणि त्याची सुरुवात मला फार आवडते. अठराव्या शतकातले लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर एका बाईंची शीर उघडून रक्त काढत होते. त्या काळी तो सर्रास उपचार होता. बाईंना मध्येच मूर्च्छा आली, आणि हंटरांच्या लक्षात आलं की शिरेतून येणारं काळपट रक्त मूर्च्छेपुरतं लालभडक झालं आहे. शिरेतलं रक्त काळपट असतं, कारण त्यातला प्राणवायू स्नायूंनी वापरून टाकलेला असतो. ते लाल दिसलं याचा अर्थ रक्त स्नायूंतून इतक्या वेगानं वाहत होतं की प्राणवायू काढून घ्यायला उसंतच मिळाली नाही. नळ सगळे उघडे असल्याचा पुरावा रक्त धरलेल्या वाटीत होता. हंटरांना हा अर्थ लावता आला नाही, पण त्यांनी पाहिलं आणि नोंदवून ठेवलं. याच हंटरांचा एक लाडका विद्यार्थी होता एडवर्ड जेन्नर, ज्यानं पुढे १७९६ मध्ये देवीची लस दिली. १८०२ च्या जूनमध्ये ती लस मुंबईत पोहोचली आणि तीन वर्षांच्या एका मुलीला टोचली गेली, हिंदुस्थानातली ती पहिली. टोचण्याची विद्या आणि टोचल्यावर येणाऱ्या घेरीचा पहिला धागा, दोन्ही एकाच घराण्यातले.

पुढे १९३२ मध्ये सर थॉमस लुइस यांनी या मूर्च्छेचं नाव 'व्हॅसोव्हेगल' असं रूढ केलं आणि एक सुंदर प्रयोग नोंदवला. मूर्च्छेत त्यांनी ॲट्रोपिन दिलं. हे औषध व्हेगसचा लगाम सोडवतं. नाडी लगेच वेगात आली, पण रक्तदाब खालीच राहिला. पंप पूर्ववत झाला तरी वरच्या मजल्यावर पाणी चढेना, म्हणजे खरी चूक नळांची. तरीसुद्धा आजही सगळे 'व्हेगस, व्हेगस' करतात आणि नावातला आधीचा 'व्हॅसो', म्हणजे रक्तवाहिन्या, मागेच राहतो.

ज्यांचं नाव इथे घेतलंच पाहिजे आणि सहसा घेतलं जात नाही, ते म्हणजे हेन्री बारक्रॉफ्ट आणि ओटो एडहोम. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि रक्तस्रावानं माणूस कसा कोसळतो हे कळणं निकडीचं होतं. या दोघांनी सहकाऱ्यांबरोबर निरोगी स्वयंसेवकांचं रक्त काढलं आणि ते बेशुद्ध होईपर्यंत त्यांच्या पुढच्या हातातला रक्तप्रवाह मोजला. १९४४ मध्ये निष्कर्ष छापून आले: रक्तदाब कोसळतो त्याच क्षणी हाताच्या स्नायूंतला प्रवाह कमी न होता वाढतो. हंटरांच्या लाल रक्ताचा अर्थ असा लागला. १९८२ मध्ये स्वीडनमधल्या वॉलिन आणि सुंडलॉफ यांनी स्नायूंकडे जाणाऱ्या मज्जातंतूत केसासारखी सुई घालून त्याचे संदेश ऐकले. रक्तवाहिन्यांना 'आवळून धरा' असं सतत सांगणारी ती खरखर मूर्च्छेच्या क्षणी एकदम गप्प झाली. ऐकण्यासाठी घातलेल्या सुईनंच काही जणांना घेरी येत असेल, तर ते या विषयाला साजेसंच आहे.

आता जाऊबाईंचा मुद्दा. लशीत काही असतं म्हणून माणूस पडतो का? अमेरिकेत २००५ ते २००७ या काळात लशीनंतरच्या मूर्च्छांच्या ज्या नोंदी आल्या, त्यांतल्या अर्ध्याहून जास्त पहिल्या पाच मिनिटांतल्या होत्या आणि सुमारे सत्तर टक्के पहिल्या पंधरा मिनिटांतल्या. गंभीर ॲलर्जीचा अपवाद सोडला, तर दंडाच्या स्नायूतली लस इतक्या लवकर प्रतिकारशक्तीला जागं करत नाही. एप्रिल २०२१ ची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथल्या पाच मोठ्या केंद्रांवर जॅन्सेनची कोविड लस घेतलेल्या ८,६२४ जणांपैकी ६४ जणांना भीतीशी निगडित त्रास झाला आणि १७ जण बेशुद्ध पडले. त्या लशीनंतर मूर्च्छेच्या नोंदी दर लाख डोसांमागे ८.२ होत्या, तर आधीच्या हंगामातल्या फ्लूच्या लशीनंतर ०.०५. फरक प्रचंड दिसतो, आणि समाजमाध्यमांवर अशाच आकड्यांचा बागुलबुवा होतो. पण जॅन्सेनची लस एकाच डोसाची होती. ज्यांना सुईची धास्ती, त्यांनी ती निवडलेली असण्याची शक्यता तपास करणाऱ्यांनीच मांडली. लशीत काय आहे यापेक्षा रांगेत कोण उभं आहे, हे इथे बहुधा जास्त मोजलं गेलं.

लशीची खरी गंभीर ॲलर्जी असते, ती नाकारायची नाही. तिच्यात अंगावर गांधी उठतात, ओठ किंवा घसा सुजतो, श्वासाला घरघर लागते आणि नाडी धावते. घेरीत माणूस पांढराफटक पडतो, अंग गार आणि ओलं, नाडी मंद. सिस्टर आधी मनगट हातात घेते ते यासाठी. पहिल्या प्रकारात ॲड्रेनालिनचं इंजेक्शन जीव वाचवतं, दुसऱ्यात फक्त आडवं करायचं असतं.

यजमानांना दिसलेली फिट? बर्लिनमध्ये थॉमस लेम्पर्ट यांनी १९९४ मध्ये निरोगी तरुणांना मुद्दाम मूर्च्छा आणून चित्रीकरण केलं. शुद्ध पूर्ण हरपलेल्या ४२ जणांपैकी नव्वद टक्क्यांना झटके आले, डोळे उघडे आणि बुबुळं वर. सरासरी बारा सेकंदांत सगळं संपलं. यांतल्या कुणालाही अपस्मार नव्हता. उपाशी मेंदू असे झटके देतो. आणि इथे कांदा धरणाऱ्या मंडळींना हात जोडून सांगावंसं वाटतं: बेशुद्ध माणसाला उचलून बसवू नका. बसवलं की इमारत पुन्हा उभी होते, मेंदू उपाशीच राहतो, झटके लांबतात. प्रेमापोटी केलेली ही सर्वांत घातक मदत आहे. झोपवा, पाय उचलून धरा, गर्दी हटवा.

राहिल्या काकू आणि गोळ्या. सवय आणि व्यसन या शब्दांनी काकू बाईंवर अन्याय करतात. पॅरोक्सेटिन मेंदूतल्या सेरोटोनिनची आवराआवर थांबवून धरतं, आणि वर्षानुवर्षं मेंदू त्या स्थितीशी जुळवून घेतो. हे औषध साधारण एकवीस तासांत निम्मं होतं, म्हणून बंद केल्यावर चार-पाच दिवसांत जवळजवळ संपतं. याच गटातलं फ्लुओक्सेटिन आणि त्याचा अवशेष आठवडेच्या आठवडे रेंगाळतात, त्यामुळे तिथे उतार सौम्य असतो. पॅरोक्सेटिनचा आणखी एक गुण असा की ते व्हेगसच्याच भाषेला, ॲसिटिलकोलिनला, थोडं दाबून ठेवतं. गोळी अचानक गेली की तो दाब सुटतो, आणि मळमळ-घामामागे हेही एक कारण असावं असा तर्क आहे. शिवाय १९९९ मध्ये वारंवार मूर्च्छा येणाऱ्या ६८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत पॅरोक्सेटिन घेणाऱ्यांत सुमारे १८ टक्क्यांना पुन्हा मूर्च्छा आली, तर नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत ५३ टक्क्यांना. या गटातल्या औषधांच्या इतर चाचण्यांत इतका स्वच्छ फायदा दिसला नाही, म्हणून यावरून 'गोळी सोडली म्हणून पडल्या' असं सरळ म्हणता येत नाही. पण रक्तदाबाच्या त्या नळांशी सेरोटोनिनचा संबंध असावा, असं यातून वाटतं.

माझं मत विचाराल तर त्या दिवशी त्यांना सर्वांत महागात पडल्या त्या साध्या गोष्टी. चार रात्रींची तुटकी झोप, घामावाटे गेलेलं पाणी, रिकामं पोट, अर्धा तास उभं राहणं. उभं राहिल्यावर अर्धा लीटरभर रक्त तसंही पोटात आणि पायांत उतरतं. टाकी आधीच अर्धी होती. सुईनं फक्त नळ सोडले. यात मनाचा दुबळेपणा कुठेच नाही. सापाला घाबरलेल्या माणसाचा रक्तदाब चढतो आणि तो पळतो. रक्त आणि सुई यांच्याच भीतीत तो आधी चढून मग कोसळतो, आणि ही ठेवण घराण्यात उतरते.

गोळी सोडण्याबद्दल मात्र एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे, कारण ती अनेकांना उलटी वाटते. मात्रा निम्मी केली म्हणून परिणाम निम्मा होत नाही. मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ मध्ये याच गटातल्या सिटालोप्रामचं गणित मांडलं: २० मिलिग्रॅमला मेंदूतल्या सेरोटोनिन उचलणाऱ्या सुमारे ८० टक्के जागा व्यापल्या जातात, ९ मिलिग्रॅमला तरीही ७०, आणि साडेपाचच्या आसपास ६०. म्हणजे वीसवरून नऊवर येणं ही एक छोटी पायरी, आणि शेवटच्या काही मिलिग्रॅमवरून शून्यावर येणं म्हणजे गच्चीवरून उडी. होरोविट्झ स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि या औषधांतून बाहेर पडताना त्यांनीही हे भोगलं आहे. अर्धी गोळी, मग बंद, ही आपल्याकडची सर्रास रीत नेमकी त्या गच्चीच्या काठावर आणून सोडते. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या, अल्प्राझोलॅम किंवा क्लोनाझेपॅम, अशा तोडल्या तर खरीखुरी फिट येऊ शकते. तिथे यजमानांची शंका हसण्यावारी नेता येणार नाही.

तेव्हा ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: लस निर्दोष आहे, तुम्हीही निर्दोष आहात, गोळी ज्या घाईनं सुटली ती घाई सोडून. आधी डॉक्टरांना भेटा आणि उतरण नव्यानं आखून घ्या. घेरी पुन्हा आली, छातीत दुखून किंवा चालता-धावता आली, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर ईसीजी काढून घ्या. पुढच्या लशीच्या दिवशी पोटभर न्याहारी आणि निघताना अर्धा लीटर पाणी. नंबर येईपर्यंत मांड्या, पोट आणि मोकळ्या हाताची मूठ चेहरा गरम वाटेपर्यंत दहा-पंधरा सेकंद आवळा, वीस-तीस सेकंद सैल सोडा, असं पाचदा. ही युक्ती स्वीडनच्या लार्स-योरान ऊस्ट यांची, रक्त आणि सुई यांना घाबरणाऱ्यांसाठी विकसित केलेली. आणि स्टुलावर बसण्याआधी सिस्टरला स्पष्ट सांगा: "मला मागच्या वेळी घेरी आली होती, अमुक गोळी अमुक दिवसांपासून कमी करते आहे, मला झोपवून टोचा आणि नंतर पंधरा मिनिटं उठवू नका."