माहिती चौकट : नोकरी लागली, तर अनुदानाचे काय?

दिव्यांग व्यक्तीने रोजगार पत्करल्यास कोणते लाभ टिकतात आणि कोणते थांबतात, याचा आगाऊ हिशेब मांडून देणे म्हणजे लाभ-समुपदेशन. अमेरिकेत 1999 च्या कायद्याने त्यासाठी स्वतंत्र व्यवस्था उभी केली. आपल्याकडे, 1,340 मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्राभोवती विस्तारलेल्या, सावनेर तालुक्यातील खापरखेड्यात हा हिशेब प्रथम अडतो तो संजय गांधी निराधार अनुदान योजनेपाशी, कारण दिव्यांगांसाठीची तिची उत्पन्नमर्यादा वार्षिक 50,000 रुपये, म्हणजे महिन्याला जेमतेम 4,167 रुपये असून ती एकट्या व्यक्तीची नव्हे, तर कुटुंबाची आहे. साध्या कंत्राटी कामाचा पगारही ती सहज ओलांडतो. मर्यादा इतकी तोकडी असताना कामाऐवजी अनुदान निवडणाऱ्याला आळशी ठरवणे अन्यायाचेच. याउलट, किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र पगारामुळे रद्द होत नाही. त्यावर एसटी भाड्यातील 75 टक्के सवलत चालू राहते, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील कलम 34 नुसार शासकीय आस्थापनांतील 4 टक्के आरक्षणाचा दावाही करता येतो. आयकराच्या जुन्या प्रणालीतील 75,000 रुपयांची वजावट तर कमावत्यालाच उपयोगी पडते. मुदतीचे कंत्राट स्वीकारण्याआधी, ते संपल्यावर अनुदानासाठी कोणती कागदपत्रे लागतील, हे सावनेरच्या तहसील कार्यालयात विचारून ठेवणे इष्ट.